प्रकल्प नोंदी: ७४ आहेर, ५२ पत्रं

४ मे २०२५, रविवार

अक्षय्य तृतीयेला, ३० एप्रिलला, वास्तुशांत झाली. पाहुणे गेले, मांडववाला खुर्च्या घेऊन गेला, उरलेला मसालेभातही काल संपला. आज दुपारी सगळा आहेर दिवाणावर मांडला आणि आईंनी (सासूबाईंनी) वही काढली. नाव, गाव, काय दिलं. देणाऱ्याकडे कार्य निघालं की हीच वही उघडायची. पाचशे एक आले होते ना, मग आपण त्याच्या खाली जायचं नाही. मी पतसंस्थेत दिवसभर खतावणीच बघते, त्यामुळे मला ही वही बघून घरी आल्यासारखंच वाटतं.

पत्रिकेत ‘कृपया आहेर आणू नये’ छापलं होतं. ते वाचायचं नसतं हे सगळ्यांना माहीत असतं.

मोजदाद: नावं ७४. भिंतीवरची घड्याळं ५. गणपती ७ (तीन झोपलेले, एक लॅपटॉपवर काम करणारा). लेमन सेट ३, कॅसरोल २, चादरी ४. सावंतवाडीच्या लाकडी फळांची एक परडी. देवगडच्या मावशीची हापूसची पेटी, पाच डझनी. डालड्याच्या डब्यात लावलेली तुळस, जुन्या वाड्यातल्या खालच्या आजींची. बाकी भांडीकुंडी. खण-नारळ मोजले नाहीत. पाकिटं २३, शिवाय एक बिननावाचं: गुलाबी, वर चंदेरी गणपती, आत ५०१. ते वहीत नाही.

लेक (वय १०, सुट्टीने कंटाळलेली) म्हणाली, “आता ह्या सगळ्यांना थँक्यू कोण म्हणणार?” मी म्हटलं, आपण. हाताने, मराठीत, टपालाने. १६ जूनला शाळा उघडायच्या आत.

हे बोलून बसले खरी.

६ मे, मंगळवार

पहिला मसुदा रात्री लिहिला. “आपण दिलेली सुंदर भेटवस्तू मिळाली. आपल्या प्रेमाबद्दल मनःपूर्वक आभार.” आईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, “सोसायटीची नोटीस वाटते.”

बरोबर आहे. आभार हा शब्दच सभेतला. आभारप्रदर्शनाला माणूस उभा राहिला की लोक चपला शोधायला लागतात. आणि घरच्या माणसाचे आभार मानले तर तो म्हणणार, आम्हाला परकं केलंस का? ‘आपल्या ऋणातच राहू इच्छितो’ हे तर मी यादीतून आधीच खोडलंय. आमच्या धंद्यात ऋणात राहू इच्छिणाऱ्याला नोटीस जाते.

मी विचारलं, मग पूर्वी काय लिहायचात?

“पोच लिहायचो. चिवडा पोचला, बरणी फुटली नाही, पोरांनी दोन दिवसांत संपवला, तुझ्या दिराने लपवून खाल्ला. झालं की पत्र. आणि जो पोच देत नसे त्याला आम्ही म्हणायचो, पोच नाही याला.”

पोच! दिवसातून चाळीस पावत्या फाडते मी आणि हा शब्द मला सुचला नाही. मग असं ठरलं: आभार मानायचे नाहीत, पोच द्यायची. वस्तू आमच्या घरात आली, पुढे तिचं काय झालं, ती आत्ता कुठे आहे आणि काय करते, एवढंच. ‘सुंदर’, ‘अप्रतिम’, ‘मनःपूर्वक’ बंद.

१० मे, शनिवार

खरेदी. पोस्टकार्ड ३०, आंतरदेशीय १०, पाकिटं १२. कार्ड अजून पन्नास पैशाला मिळालं, आंतरदेशीय अडीच रुपये, पाकीट पाच. एकूण बरोबर शंभर रुपये. बाकीचे २२ इथलेच, आमच्या इमारतीतले आणि पतसंस्थेतले, त्यांना हातोहात. नवऱ्याने एवढ्या वेळात फक्त एकच वाक्य टाकलं, “व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो टाकला असता तर शंभर रुपये वाचले असते.” त्याचं खरं दुखणं निराळं आहे. त्याला वाटतं लोक हसतील, म्हणतील यांना आता काय नवीन सुचलंय.

मलाही तेच वाटत होतं, म्हणून पूर्वी वाचलेलं त्याला सांगितलं. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोघा संशोधकांनी २०१८ मध्ये हेच तपासलं होतं. लोकांना कृतज्ञतेची पत्रं लिहायला लावली आणि विचारलं, वाचणाऱ्याला कसं वाटेल? मग वाचणाऱ्यांना विचारलं. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं समोरचा अवघडेल. तो त्यांच्या अंदाजाहून बराच कमी अवघडला आणि बराच जास्त खूश झाला. आपण शब्द बरोबर पडतील का याच्या काळजीत असतो, आणि वाचणारा शब्दांकडे तेवढं बघतही नाही. नवरा म्हणाला, “ती अमेरिकेतली माणसं. तू साताऱ्यात आहेस.” त्याला जरा पोच कमीच.

११ मे, रविवार

मावशीचं पत्र आधी, आंबे संपायच्या आत. मावशी माझी, आणि मी पतसंस्थेत आहे याचा तिला फार अभिमान, म्हणून तिला ताळेबंदच पाठवला. आंतरदेशीय, तीन घड्या, आतल्या पानावर पट्टीने दोन रकाने.

“ति. मावशीस, सा. न. वि. वि. तुझ्या पेटीचा ताळेबंद ११ मे अखेर पुढीलप्रमाणे. जमा: हापूस ६०. खर्ची: घरात खाल्ले ४८ (पैकी रस २०, कापून १६, उभ्या उभ्या ओट्याशी १२). शेजारी दिले ६. डागी निघाले ४, त्यांचा दोष नाही, पेंढा मीच नीट पसरला नव्हता. एकूण ५८. फरक २. सदर दोन आंब्यांबाबत तुझ्या जावयाकडे चौकशी चालू आहे, सदऱ्यावरचा डाग पुरावा म्हणून राखून ठेवला आहे. एक कोय तुझ्या नातीने बाल्कनीतल्या कुंडीत पुरली असून रोज उकरून बघते.”

खाली लेकीने ‘तपासले, बरोबर आहे’ म्हणून सही केली आणि आंब्याच्या चिकाचा अंगठा उमटवला. चीक नव्हता, रस होता. कागदावर आता पिवळं वर्तुळ आहे आणि वास पण येतोय. मुद्दाम करून जमलं नसतं.

वेळ: पाऊण तास. अशा वेगाने ५२ पत्रं म्हणजे ३९ तास. बाकीची आटोपशीर हवीत.

१८ मे, रविवार

घड्याळांचा प्रश्न. पाच घड्याळं, भिंती मोजक्या. पाच जणांना ‘घड्याळ आवडलं’ लिहिलं तर खोटं नाही, पण त्यातले चौघं एकमेकांचे नातेवाईक आहेत आणि कार्डं ताडून बघतील.

तोड लेकीने काढली: पत्र घड्याळाने लिहायचं. मग मला कचेरीतली भाषा सुचली, बदलीचे आदेश. एक कार्ड असं झालं: “मी रुजू झालो. माझी नेमणूक स्वयंपाकघरात, फोडणीच्या पट्ट्यात झाली आहे. मला इथे मुद्दाम दहा मिनिटं पुढे ठेवतात, त्यामुळे घरातला प्रत्येक जण मला बघून मनात दहा वजा करतो आणि शेवटी उशिराच निघतो. काचेवर तेलाचा पहिला थेंब १२ मे रोजी पडला. प्रकृती उत्तम.” दुसरं हॉलमध्ये, तिसरं लेकीच्या खोलीत (टिकटिक ऐकू येते म्हणून रात्री उशीखाली, दिवसा भिंतीवर). चौथं आमच्या वसुली विभागातल्या साहेबांचं, मोठं, लोलकाचं. ते दारासमोर. त्यांना लिहिलं, “तुमचं घड्याळ दाराशीच असल्याने आम्ही आता कुठल्याही कार्याला वेळेवर पोचतो आणि काही विसरत नाही.” स्वतःवरच खूश झाले.

पाचवं खोक्यात होतं. आईंचा सल्ला, “खोटं लिहायचं नाही. आणि खोक्यात आहे हे खरंही लिहायचं नाही.” मग काय लिहायचं? दोन तास अडले. शेवटी नवऱ्याला घड्याळ देऊन कोरेगावच्या जुन्या घरी पाठवलं. तिथे ओसरीवर पंधरा वर्षं खिळा आहे, घड्याळ नाही. त्याने लावलं, फोटो पाठवला, मग मी पत्र लिहिलं: “चुलतसासरे सकाळी ओसरीवर बसून एसटी वेळेवर आली की नाही ते आता अधिकृतपणे सांगतात.” पोच द्यायची म्हटलं की वस्तू आधी वापरावी लागते. हे सुरुवातीला लक्षात आलं नव्हतं.

कॅसरोलपैकी एक अजून माळ्यावर आहे. विचारू नका.

२१ मे, बुधवार

पाकिटं. रोख रकमेचं पत्र सगळ्यात अवघड. आकडा लिहायचा नाही, तो वहीत असतो. आणि ‘आपल्या शुभाशीर्वादाबद्दल’ लिहिलं तर पाचशेची नोट कुठे गेली असं होतं. आम्ही सगळे पैसे एकत्र करून चार खिडक्यांना डासांच्या जाळ्या बसवल्या. म्हणून बावीस जणांना आणि पावसात नागठाण्याहून आलेल्या एका चुलत नणंदेला एकेक खिडकी वाटून दिली. कुणाला हॉलची डावी, कुणाला बेडरूमची. “तुमच्या जाळीवर रोज संध्याकाळी साडेसहाला बाहेरून डास जमतात आणि आत बघत बसतात” हे वाक्य नऊ कार्डांवर गेलं. एकाच वाक्याचे नऊ उपयोग म्हणजे आळस, पण ते नऊ जण नऊ गावांचे आहेत.

लाकडी फळांचं पत्र मात्र जमलं, कारण त्यात लिहायला काही शोधावंच लागलं नाही. परडी जेवणाच्या टेबलावर आहे. नळ दुरुस्त करायला आलेल्या काकांनी बोलता बोलता केळं उचललं, सोलायला नख लावलं, नखाकडे बघितलं, केळ्याकडे बघितलं आणि गुपचूप परत ठेवलं. मीही काही न दिसल्यासारखा चहा ओतला. सावंतवाडीच्या भाऊजींना हे जसंच्या तसं कळवलं.

बिननावाच्या पाकिटाचं काय करायचं? अक्षर नाही, चिठ्ठी नाही. आईंचा संशय नागठाण्यावर, नवऱ्याचा मित्रावर. मी एक कार्ड पत्त्याशिवाय लिहून ठेवलंय: “आपण कोण ते कळलं नाही, पण मागची जाळी अर्धी आपली.”

२६ मे, सोमवार

पाऊस. मृगाची वाट न बघता यंदा मे महिन्यातच आलाय, गच्चीवरच्या कुरडया सगळ्या गेल्या. शनिवारी टाकायला नेलेल्या बारा कार्डांपैकी चार पिशवीतच भिजली. जेलपेनची शाई. ‘कोल्हापूर’चा ‘को’ फुगून निळं शेवाळ झालं, मात्रा खालच्या ओळीत उतरली. चारही परत लिहिली, साध्या बॉलपेनने. पुढच्या सगळ्या कार्डांना हाच नियम: पत्ता बॉलपेनने, चित्र रंगीत पेन्सिलीने, स्केचपेन नाही. लेक नाराज. तिच्या मते गणपती पेन्सिलीत उठत नाहीत.

सांगलीच्या मामेबहिणीचा फोन, पत्र आज मिळालं, आठ दिवसांनी. चूक माझी. पिनकोडला ४१६ च्या जागी ४१५ टाकला, रोज साताऱ्याचा लिहून हात बसलाय. पहिल्या तीन आकड्यांवर पत्र कुठे वर्गीकरणाला जायचं ते ठरतं, म्हणजे ते बिचारं आधी निराळ्याच वाटेला लागलं असणार. आईंनी सांगितलं, हा पिनकोड आपल्याच माणसाने काढला, श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. एका कवीने सहा आकड्यांत अख्खा देश बसवला आणि मला त्यातले तीन नीट लिहिता येईनात. सांगलीचा पिनकोड तर ४१६ ४१६ आहे, तोच तोच.

मार्गी लागलेली पत्रं: ३४.

१ जून, रविवार

खालच्या आजींचं पत्र. सगळ्यात शेवटी ठेवलं होतं, टाळत होते म्हणा.

जुन्या वाड्यात आम्ही अकरा वर्षं वर आणि त्या खाली. तुळस त्यांच्या वृंदावनातली. वास्तुशांतीला येताना रिक्षात डबा मांडीवर धरून आल्या, लुगड्याला माती. त्यांना आता दिसत नाही, पत्र नातू वाचून दाखवणार. तेव्हा हे पत्र वाचायचं नाही, ऐकायचं आहे. वाक्यं छोटी हवीत. ‘सा. न. वि. वि.’ चालणार नाही, नातू ‘सानविवि’ वाचेल.

मायन्यावरून घोडं अडलं. विधवा बाईला पूर्वी गं. भा. लिहायचे, गंगा भागीरथी. मी आईंना विचारलं. त्या जरा वेळ निवडत असलेल्या मेथीकडे बघत राहिल्या. “हे गेल्यावर पहिलं पत्र आलं माझ्या भावाचं, त्यावर होतं. तोपर्यंत सौ. होतं. भावाचंच अक्षर, पण मला वाटलं दुसऱ्याच कुणाला आलंय. तू नुसतं आजी लिही.”

नुसतं आजी लिहिलं. मोठं अक्षर, पाकीट, दोन पानं.

“आजी, तुमची तुळस पोचली. पहिले पाच दिवस रुसली. पानं खाली. मला वाटलं गेली. मग आई म्हणाल्या, तिला दक्षिणेचं ऊन लागतंय, हलव. हलवली. आता ती स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. डबा बदललेला नाही. डब्यावर तुम्ही खडूने आमच्या घराचा नंबर लिहिला होता, तो पावसाने पुसला. मी परत लिहिला. खाली वाड्यात तुम्ही सकाळी घंटा वाजवायचात आणि मला कळायचं सहा वाजले. इथे पाच घड्याळं आली आहेत. तरी सहाला जाग येते आणि घंटा येत नाही. काल मंजिरी आली. दोन.”

लेकीने एक मंजिरी तोडून घडीत ठेवली. आई म्हणाल्या, रविवारी तुळस तोडत नाहीत. लेक म्हणाली, “मग उद्या टाकू पत्र.” तोवर ती तोडून झाली होती.

८ जून, रविवार

मुख्य काम संपलं, ५२ पैकी ५१ मार्गी लागली. राहिलेलं एक कॅसरोलचं. काल माळ्यावरून काढलं, आज पोळ्या त्यात. पत्र उद्या.

उत्तरं यायला लागली, बहुतेक फोनवर. मावशीने ताळेबंद फ्रिजवर लावलाय आणि आल्यागेल्याला वाचून दाखवते. नवऱ्याला तीन घरांतून दोन आंब्यांबद्दल विचारणा झाली. भाऊजींनी त्या केळ्याच्या हकिगतीवर खूश होऊन परत एक परडी पाठवतो म्हणून सांगितलं, त्यांना थोपवताना नाकी नऊ आले. कोल्हापूरचे आप्पा म्हणाले, “पत्र छान, पण ते सुंदर घड्याळ सुंदर आहे असं कुठे लिहिलं नाहीस.” म्हणजे सगळ्यांनाच पोच पुरत नाही. काहींना ‘सुंदर’ लागतं. आप्पांना एक जादा कार्ड टाकलं, त्यात तो शब्द तीनदा.

टपालाने आलेलं उत्तर एकच, आजींच्या नातवाचं. कार्डावर दीड ओळ. आजीने पत्र चार वेळा वाचायला लावलं, आणि विचारलंय तुळशीला रविवारी हात कुणी लावला.

१४ जून, शनिवार

शाळेची तयारी. कपाट आवरताना जुन्या घरून आलेल्या एका पिशवीत पाकिटांचा गठ्ठा निघाला. गुलाबी, वर चंदेरी गणपती. दहांचा संच, उरलेली नऊ.

मी ते नऊ आणि ते बिननावाचं शेजारी शेजारी ठेवून बसले. नवरा आला, बघितलं. म्हणाला, “हे तर आपलंच.” आतल्या झाकणावर पेन्सिलीने बारीक ५०१ लिहिलेलं, त्याच्याच अक्षरात. नाव टाकायचं मला सांगितलं होतं म्हणे.

मग सगळं आठवत गेलं. फेब्रुवारीत वसुलीतल्या साहेबांच्या मुलीचं लग्न. माझी मोठी पर्स. मला वाटलं ह्याने दिलं, ह्याला वाटलं मी दिलं. जेवून, फोटो काढून, पान खाऊन आलो. वास्तुशांतीला आईंनी हॉलमधली पाकिटं गोळा करून त्याच पर्समध्ये कोंबली, आणि मोजताना हेही त्यांच्यात निघालं. आमच्याच पैशाची मी आम्हालाच अर्धी जाळी वाटून दिली होती.

म्हणजे साहेबांच्या वहीत आमच्या नावापुढे काहीच नाही. तरी ते एवढं मोठं लोलकाचं घड्याळ घेऊन आले. आणि त्यांना मी काय लिहून दिलंय? आम्ही आता कुठल्याही कार्याला वेळेवर पोचतो आणि काही विसरत नाही.

ते पत्र त्यांना २२ मेलाच हातात दिलंय. कचेरीत रोज समोर बसतात, पत्राचा विषय एकदाही काढला नाही. मला वाटत होतं लाजत असतील.

पत्त्याशिवायचं कार्ड फाडलं. ते बिननावाचं पाकीट आहेच, तेच वापरणार. आईंना विचारलं, चार महिने उशिरा आहेर पाठवायचा तर मायना काय घालतात. त्यांना हसू आवरेना, त्यामुळे अजून कळलेलं नाही.